कारणाचा रकाना

पासच्या अर्जात कारणासाठी एकच ओळ होती.
वैद्यकीय, अंत्यविधी, अत्यावश्यक सेवा, इतर.
मी 'इतर' निवडलं आणि लिहिलं :
नळ सोडणे.

विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली बॅरिकेड.
हवालदाराने वाचलं. पुन्हा वाचलं.
घर कुणाचं?
बहिणीचं. नेरूळला.
बहीण कुठाय?
बहारीनला.
मग घरात कोण आहे?
कुणी नाही.
म्हणजे कुणी नाही त्याला भेटायला चाललाय?

मी म्हटलं, साहेब, मोरीच्या जाळीखालचं पाणी सुकलं
की गटाराचा वास वर चढतो, झुरळं येतात,
खालच्या मजल्यावरचे तिला तिकडे फोन करतात.
तो हसला नाही.
त्याच्यामागे उन्हात एक बाई
पोर पाठुंगळीला घेऊन विचारत होती,
नाशिकचा रस्ता कुठला.
त्याने मला हातानेच सोडलं, तिच्याकडे वळला.
मी काच वर घेतली.
हे सांगायला नको, पण घेतली.

बेलापूर रस्ता इतका मोकळा
की पारसिकचा डोंगर पहिल्यांदा नीट दिसला,
खाणींनी कुरतडलेला.
रबाळे, घणसोली, तुर्भे.
सिग्नल कुणासाठी लाल होत होते कोण जाणे,
मी मात्र थांबत होतो.

शालनने बावीस वर्षं मनामाच्या इस्पितळात रात्रपाळ्या केल्या,
दिनारचे रुपये केले, रुपयांचे चौरस फूट.
या घरात ती राहिली एकूण एक्केचाळीस दिवस.
मी मोजलेत.
भिंतीवर मागच्या वर्षीचा डिसेंबर.
सोफ्यावरचं प्लॅस्टिक दुकानातून आलं तसंच,
कायमची परत आले की काढू, म्हणते.

बेसिनमध्ये अजून एक तांब्या ओत.
ओतला.
गॅलरीची कडी?
लावली.
फ्रिजचं दार उघडं ठेव, बुरशी येते.
आणि मग, टाकीतलं पाणी किती आहे ते सांगावं तशा आवाजात :
आमचा वॉर्ड भरलाय रे.

तिसऱ्या खेपेला जिन्यात एक मुलगी बसलेली.
दोन पिशव्या, एक कुकर.
रोशनी गावित, नवापूरची,
वाशीच्या पालिका इस्पितळात नर्स.
ती ड्यूटीवर असताना
चौथ्या मजल्यावरच्या मालकाने कुलूप बदललं होतं.
काका, आत नका घेऊ मला,
फक्त एवढा फोन चार्जिंगला लावता का?

फोन आत लावला.
दुसऱ्या फोनवर शालनला सांगितलं.
बराच वेळ तिकडून काही नाही,
नुसता एसीचा आवाज.
मग : ड्यूटी किती तासांची, विचार.
बारा.
किट घालून?
हो.
चावी दे तिला.
अगं, सोसायटी ओरडेल.
ओरडू दे. सहा वर्षं न राहता मेंटेनन्स भरतेय मी.
आणि ते सोफ्यावरचं प्लॅस्टिक काढ म्हणावं,
पाठीला चिकटतं, दिवसा झोप लागत नाही त्यावर.

चिकटपट्टी जुनी झाली होती, निघेना.
रोशनीने दातांनी टोक तोडलं.
शालन म्हणाली, फोन जवळ धर जरा.
मी धरला.
ते फाटत गेलं टरटरत,
आणि ती ऐकत राहिली
शेवटच्या उशीपर्यंत.

चेअरमन गोवेकरांचं पत्र आलं, तीन मुद्द्यांचं.
दुसऱ्या मुद्द्यात तिला 'सदर इसम' म्हटलं होतं.
शालनने उत्तर पाठवलं, एका ओळीचं. काय, ते मला नाही दाखवलं.

जूनमध्ये पुन्हा अर्ज उघडून बसलो.
कारण?
नळ आता रोशनी सोडते.
परवा फोनवर मागे कुकरची शिट्टी झाली,
तर शालनने विचारलं, माझ्या घरातली का ही?

त्या हवालदाराला सांगायचं होतं
की घरात आता माणूस आहे.
आणि विचारायचं होतं, त्या बाईला
नाशिकचा रस्ता नीट दाखवलात ना.
पण एवढ्यासाठी पास कोण देणार.